गुणा नको म्हणतो

कुंभारवाडा,
नवं जेवल्याचा दुसरा दिवस

चि. गोपाळ,

तुझ्या झिलूदाजीचा पोटभर आशीर्वाद (पोट अर्धंच भरलंय, कारण पुढं येईल). बेळगावात तुझं गॅरेज आणि तुझा खोकला कसा हाय? इकडं तुझी अक्का खुशाल, म्हस खुशाल, तू करून दिलेला रोबोही खुशाल. मी तेवढा न्हाई.

वांदरं भात खात्यात म्हणून तू हा पत्र्याचा गडी शेतात उभा केलास. ओढ्याच्या पाण्यानं सायकलीची चेन फिरती, हात डबा बडवतो, मान हलती. वांदरं पळाली, खोटं कशाला बोलू! पण मान कसली बसवलीस रे बाबा? दिवसभर नुसतं न्हाई, न्हाई. अक्कानं त्याचं नाव गुणा ठेवलं आणि सगळा कारभार त्याच्या हाती दिला. मी म्हटलं, म्हस विकूया. ती बांधावर जाऊन विचारून आली (उत्तर तुला ठाऊकच). मी गणेशगुडीला भजी खायला निघालो, गुणा नको म्हणाला. बांधावर दुसरा चहा मागितला, तरी गुणा नको म्हणाला. शेवटी मी डाव टाकला, "गुणा, मी वाईट हाय काय रे?" त्यानं मान हलवली. तर अक्का म्हणती, "बगा, मन किती मोठं हाय पोराचं!" माझी कांबळ त्याच्या अंगावर, माझं खोबरेल त्याच्या मानेला. घरात आम्ही दोघंच, त्यात हा तिसरा आला आणि मी चौथा झालो.

काल तर कहर झाला. नव्या भाताचं पहिलं जेवण, नवं जेवताना पहिलं पान रान राखणाऱ्याला, ही आपली रीत. लग्न झाल्यापासनं ते पान माझं. काल अक्कानं ते खिरीसकट शेतात नेऊन गुणापुढं मांडलं. तो नको म्हणाला, तर हिच्या डोळ्यांत पाणी, पोरगं लाजतंय म्हणून! मी म्हटलं, त्याला नको तर मला दे. "लेकराच्या पानातलं मागताय?" म्हणाली आणि तवापासनं बोलत न्हाई.

तवा पहिल्या बसनं ये आणि ह्याला घेऊन जा. नेणार नसशील तर निदान मान तरी हो म्हणायला लाव.

तुझा दाजी,
झिलू

ता.क. अक्कानं त्याला विचारलं, "मामाकडं जातोस?" नको म्हणाला.

ता.क. दुसरा. पत्र काल टाकायचं ऱ्हायलं, आणि आज सकाळी ओढ्यात पाला अडकून गुणा थांबला. वांदरं आली. मी पाला काढला, चेन चोळली, तरी हालंना. मग शेजारी बसून मीच डबा बडवत ऱ्हायलो. जीव कासावीस झाला रे. म्हटलं, "गुणा, माझ्यावर रुसलास व्हय?" आणि खाडकन मान हलली! लई रडलो (अक्काला सांगू नको). न्यायला येऊ नको. नवी चेन आण, त्याच्या मापाचा स्वेटर आण. आणि मानेला हात लावू नको. रुसलास काय विचारल्यावर न्हाई म्हणणारं घरात एकजण तरी असावं.