लाल चादर आणि वाळूतली बोट

२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

खुशाली विचारत नाही. खाडीपलीकडे तुझं अंगण मला इथून दिसतं, त्यात तू तुरुतुरु चालतेस तेही दिसतं. मुद्द्याचं विचारते. सोमवारी तू ती लाल चादर मागच्या दोरीवर का नाही घातलीस?

ताईचं डोकं फिरलं म्हणशील. फिरलंच आहे. खाडीच्या तोंडाशी वारा बदलला की वाळू जागा बदलते. बंदर कचेरीने वाट दाखवायला खांब रोवलेत, पण तुझ्या भावोजींचा खांबांवर विश्वास नाही. कशावर आहे? मेहुणीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर! इतकी वर्षं हा माणूस भरलेली बोट तुझ्या चादरीकडे नाक करून हाकतोय, हे मला परवा कळलं. तू चादर पुढच्या गच्चीवर टाकलीस, बोट चादरीमागे वळली आणि मधल्या वाळूत घुसली ती घुसलीच.

उतारू शहाणे. ओहोटी लागली तसे उड्या टाकून चालत घरी गेले. हे मात्र वर बसून आहेत. म्हणे उतारू धक्क्यावर उतरल्याशिवाय फेरी पुरी होत नाही, आणि फेरी पुरी झाल्याशिवाय बोटवाला बोट सोडत नाही. मी धक्क्यावरून घसा फोडून सांगितलं की तुमचे उतारू जेवून झोपलेसुद्धा. त्यांनी हात हलवला.

आईला कळू देऊ नकोस. ती जावयाचीच बाजू घेईल.

माया आहे म्हणून ओरडते, हे ध्यानात असू दे.
ताई

९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, चादरीला पलीकडून एक बोट बांधलेली आहे हे मला कुणी सांगितलं होतं का? मी ती ढेकूण झाले म्हणून उन्हात टाकली होती. आता परत मागच्या दोरीवर घातली आहे, पण तिचा उपयोग काय, बोट तर हलत नाही.

इकडे मात्र सगळ्यांची सोय झाली. घाटातून फिरून जाणाऱ्या गाडीत दिवस मोडतो आणि पोटातलं सगळं बाहेर येतं. त्यापेक्षा ओहोटीला लोक वाळूतून बोटीपर्यंत चालत जातात, एका बाजूने शिडी चढतात, भावोजींकडून तिकीट घेतात आणि दुसऱ्या बाजूने उतरून तुमच्याकडे येतात. बाकावर घटकाभर बसल्याशिवाय ते कुणाला उतरू देत नाहीत. म्हणे प्रवास झाल्यासारखा वाटला पाहिजे. टपालाची पिशवीही त्यांच्याच हातून जाते, म्हणजे हे पत्र तेच पुढे देतील.

आईला मी सांगितलं नाही, तिने गच्चीतून पाहिलं. म्हणाली, जावई कधी नव्हे तो एका जागी बसलाय, बसू दे.

रागावलीस तरी आठवण ठेव.
धाकटी

२१ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या भावोजींच्या हातून येईल आणि ते वाचतील. वाचू देत. त्यांच्यासाठीच लिहिते.

मी त्या बोटीवर चढणार नाही. चढले तर त्यांना वाटेल भेटायला आले. डबा मात्र रोज पाठवते, आणि तो रिकामा परत येतो, म्हणजे तब्येतीला काही धाड भरलेली नाही. छपरावर भोपळ्याचा वेल चढवलाय. बंदर कचेरीचा साहेब येऊन शाबासकी देऊन गेला, की तुमची एकही फेरी उशिरा सुटलेली नाही. न सुटणारी बोट उशिरा कशी सुटेल, हे विचारायची अक्कल तिथे कुणाला नाही.

हसायचं ते हसून घे. उकाडा आत्ताच असा आहे की भिंतीला हात लावला तर चटका बसतो. असा उन्हाळा तापला की वारा एकदम समुद्राकडून फिरतो आणि मोठं उधाण येतं. त्या दिवशी ही वाळू राहणार नाही. बोट उचलली जाईल आणि यंत्रात वाळू भरलेली, म्हणजे खाडीच्या तोंडातून सरळ बाहेर. वर हे, तिकिटं घेऊन. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तरी उतरत नाहीत. तूच काही कर. माझ्याच्याने होत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

ताई

(वाचलं. भोपळा नाही, काकडी आहे. — भावोजी)

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. काकडीपाशी ती हसली. संध्याकाळी तिने गाठोडं बांधलं. थोरलीकडे जायचं आहे म्हणते, आणि बोटीनेच. बोट जात नाही म्हटलं तर मला म्हणाली, तू तुझी भांडी घास.

उद्या ओहोटीला माझा नवरा तिला पाठीवर घेऊन बोटीपर्यंत सोडेल. गाठोडं भलतंच फुगलं आहे, मला हात लावू देत नाही. पुढचं तू बघ.

तुझीच,
धाकटी

१२ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आई पोचली. आता ऐक.

ती बोटीत बाकावर बसली आणि जावयाला म्हणाली, सोड. त्यांनी सांगितलं, रुतली आहे. तिने सांगितलं, उतारूला कारणं सांगू नयेत. मग यांनी भोंगा वाजवला, सुकाणू धरून उभे राहिले, आणि आई वारा लागत असल्यासारखी डोक्याला फडकं बांधून बसली. फेरीला लागतो तेवढा वेळ गेल्यावर म्हणाली, चल, आता मला धक्क्यावर उतरव. ते गोंधळले. ती म्हणाली, उतारू धक्क्यावर उतरल्याशिवाय फेरी पुरी होत नाही, हा नियम तुझा की माझा?

काय करतात! सासूला पाठीवर घेतलं, गाठोडं गळ्यात अडकवलं आणि वाळू तुडवत आले. धक्क्यावर उतरवलं तेव्हा स्वतःच म्हणाले, फेरी पुरी. टोपी काढली आणि मला विचारलं, जेवायला काय आहे. मी पान वाढायला घेतलं.

परवा उधाण आलं. बोट काडीसारखी उचलली. बाहेर जाता जाता मच्छीमारांनी दोर टाकून धक्क्याला आणली, पण छप्पर वेलासकट गेलं. हे ज्या बाकावर झोपायचे तोही गेला. त्याबद्दल मी आणखी लिहिणार नाही.

आज सकाळी मात्र यंत्र धुऊन पुसून हे फेरीला निघाले. समुद्र अजून खवळलेला, वारा शिट्या मारतोय. सुकाणू धरलं, पलीकडे पाहिलं, आणि परत घरात येऊन बसले. म्हणे निशाणीच दिसत नाही, बोट कशी नेऊ.

आईचं गाठोडं का फुगलं होतं ते तुला कळलं असेल. एवढ्या उकाड्यात ती तुझी लाल चादर डोक्यापर्यंत ओढून झोपली आहे. घामाने निथळतेय, पण सोडत नाही.

तेव्हा पावसाळा सरेपर्यंत तू निळं, पांढरं, काय हवं ते वाळत घाल. लाल काही घालशील तर माझ्याशी गाठ आहे.

जीव आहे तुझ्यावर, आता वेगळं सांगत नाही.
ताई