बिर्गिटचे उरलेले तीनशे तीन फोटो

फॉबोर्ग, २८ मे

आदरणीय बोडिलताई,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या ओल्बोर्गकडे यंदा अजून गार वारा सुटतो असं रेडिओवर सांगत होते, तेव्हा तुम्हाला ते तीन मजले चढायला काय त्रास होत असेल असं मनात आलं. माझी तब्येत ठीक आहे. वेळेवर जेवतो, वेळेवर झोपतो. बागेचं कुंपण कापून झालं. (घाईच झाली. पाखरांची घरटी रिकामी होईपर्यंत बिर्गिटने कात्रीला हात लावू दिला नसता. सुदैवाने एकच घरटं निघालं, आणि तेवढा भाग मी तसाच सोडला आहे. त्यामुळे कुंपणाला मधेच एक कुबड आल्यासारखं दिसतं.)

पत्र लिहायला उशीर झाला याची मला जाणीव आहे. आठ वर्षं दर रविवारी बिर्गिट आठवड्याचे सात फोटो पाकिटात घालून तुम्हाला पाठवत असे आणि बुधवारी तुमचं एका ओळीचं कार्ड येत असे. मार्चपासून पाकिटं बंद झाली. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. बिर्गिटच्या दफनानंतर तुम्ही कॉफीला न थांबता गाडी गाठलीत, त्याबद्दलही माझ्या मनात काही नाही. मी थांबलो, कारण मला थांबणं भागच होतं. आईच्या कपाटावरून तुम्हा दोघी बहिणींत जे झालं ते तुमचं तुम्हाला माहीत. कपाट ओसरीत होतं तिथेच आहे.

फोटो मात्र बंद पडलेले नाहीत, हे कळवायला हे पत्र आहे. २ मार्चला, म्हणजे जायच्या दोन दिवस आधी, बिर्गिटने मला कॅमेरा गळ्यात कसा अडकवायचा ते दाखवलं आणि म्हणाली, "वर्ष पुरं करायचं. बाकीचे तू काढ." मी विचारलं, बाकीचे म्हणजे किती. तिने हिशोब आधीच करून ठेवला होता. ३ मार्चचा ती स्वतः काढणार होती (काढला; उशाशी ठेवलेल्या पेल्याचा आहे), तो धरून बासष्ट झाले, राहिले तीनशे तीन. मी हो म्हणालो. नियम तुम्हाला ठाऊक असतील: फोटो त्याच दिवशीचा हवा, कुंपणाच्या आतला हवा, रात्रीच्या जेवणाचे बटाटे निथळायच्या आत निघायला हवा. काही मांडायचं नाही, काही आवरायचं नाही. दिवसाला एकच. आणि एकही दिवस चुकवायचा नाही. आठ वर्षांत तिचा एकही चुकला नव्हता, त्यामुळे नववं वर्ष माझ्या हातून फाटू नये एवढीच माझी काळजी आहे. आज शहाऐंशी झाले. दोनशे सतरा राहिले.

४ मार्चचा फोटो मीच काढला आहे असं कॅमेरा सांगतो. स्वयंपाकघराची खिडकी आहे, बाहेर धुकं आहे. मला तो काढल्याचं आठवत नाही.

त्यानंतरचे माझे फोटो तुम्ही पाहिलेत तर तुम्हाला एक गोष्ट खटकेल, म्हणून आधीच सांगतो. पस्तीस वर्षं मी जमीन मोजणीच्या खात्यात काढली. आमच्यात फोटो काढताना शेजारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजकाठी उभी करायची पद्धत आहे, म्हणजे वस्तू किती मोठी ते पाहणाऱ्याला कळतं. सवयीने मी तेच केलं. मार्च महिन्याच्या प्रत्येक फोटोत ती काठी आहे. पहिल्या हिमफुलांच्या शेजारी काठी, तिच्या आरामखुर्चीच्या शेजारी काठी, पावाच्या डब्याच्या शेजारीसुद्धा काठी (ती दोन मीटरची आहे, त्यामुळे डबा शोधावा लागतो). शेवटी शेजारचा हेनिंग एके दिवशी कुंपणापलीकडून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "प्रेबेन, खरं सांग, इथून रस्ता जाणार आहे का?" दोन महिन्यांत तो माझ्याशी बोललेला तेवढाच. मी नाही म्हणालो. त्या दिवसापासून काठी गॅरेजमध्ये आहे.

एप्रिलमध्ये दुसरी अडचण आली. घरात आणि बागेत फोटो काढण्यासारखं काही नाही, असं माझ्या लक्षात आलं. रुबार्बच्या कोंबाचा फोटो मी लागोपाठ चार दिवस काढला. एकदा सिंकमधल्या भांड्यांचा फोटो काढायचं ठरवलं, पण ती अशी खरकटी दाखवणं बरं दिसेना म्हणून आधी घासली, पुसली, आणि कपाटात ठेवल्यावर लक्षात आलं की आता फोटो कपाटाच्या दाराचा निघणार. (तोच निघाला. १४ एप्रिल.) तेव्हा तिने काय काढलं असेल ते बघावं म्हणून तिची आठही वर्षांची आठ पुस्तकं जेवणाच्या टेबलावर उघडली. ताई, मी उघडपणे कबूल करतो की इतकी वर्षं मला वाटायचं, बटाटे शिजेपर्यंत बाई उगाच अंगणात फेऱ्या मारते. मी तिला तसं एकदा बोललोही होतो. ती हसली होती.

चौथ्या पुस्तकात ११ नोव्हेंबरला खुंटीवर टांगलेला एक ओला कोट आहे. त्याच्या टोकाला थेंब लोंबतो आहे आणि खाली फरशीवर बशीएवढं पाणी. बाकी काही नाही. मी निवृत्त होऊन घरी आलो तो हा दिवस. कचेरीत फुलं दिली, भाषणं झाली, मोटार असताना मी पायी आलो, पाऊस होता. घरी येऊन मी काही बोललो नाही आणि तिनेही काही विचारलं नाही. मला वाटलं तिच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं होतं. असे दोन-अडीच हजार फोटो आहेत. गवतावर शिडीचे दोन खळगे. अर्धा सोललेला बटाटा. माझी पाठ. मी मोजलं, तर माझी पाठ दोनशे बारा वेळा आहे, आणि इतक्या वेळा कोणी आपल्या मागे उभं होतं हे मला एकदाही कळलं नाही. मोजणी खात्यात मला नजरेसाठी नावाजत. आता त्याची लाज वाटते.

आणखी एक दिसलं, ते सांगावं की नाही याचा मी आठवडाभर विचार केला. १९ सप्टेंबर हा तुमचा वाढदिवस. आठही पुस्तकांत त्या तारखेला ओसरीतल्या फोनचा फोटो आहे. आठही वेळा रिसीव्हर जागेवरच आहे, उचललेला नाही. ते फोटो रविवारच्या पाकिटातून तुमच्याकडेही आले असणार. तुम्ही उलट काय लिहिलंत ते मला माहीत नाही. तुमची कार्डं एका डब्यात आहेत आणि मी ती वाचलेली नाहीत.

आता १९ मेचं सांगतो, कारण तो फोटो सोबतच्या पाकिटात आहे आणि तो पाहून तुमचा गैरसमज होईल. त्या दिवशी मला काहीच सुचेना म्हणून मी झेंड्याच्या खांबाचा फोटो काढायचं ठरवलं. नुसत्या खांबाचा फोटो फारच निर्जीव वाटला, म्हणून झेंडा आणला. (आवरायचं-मांडायचं नाही या नियमाचा हा भंग आहे, ते मला मान्य आहे. शिक्षाही लगेच झाली.) दोरी ओढली, झेंडा निम्म्यावर गेला आणि अडकला. वर जाईना, खाली येईना. मी शांतपणे शिडी आणायला गॅरेजमध्ये गेलो. शिडीपुढे मोजकाठी होती, काठीपुढे सायकली होत्या, वेळ लागला. अर्ध्यावर झेंडा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. हेनिंगच्या बायकोने, उल्लाने, तो तिच्या खिडकीतून पाहिला. ज्या घरातलं एक माणूस मार्चमध्ये गेलं आणि एकच उरलं, त्या घराचा झेंडा मे महिन्यात पुन्हा अर्ध्यावर, यावरून तिने काय समजायचं?

मी शिडी घेऊन बाहेर आलो तेव्हा बागेत नऊ माणसं उभी होती. हेनिंगने टोपी काढून हातात धरली होती. मला पाहून उल्ला किंचाळलीच.

"दोरी अडकली," मी म्हणालो.

कोणीही विश्वास ठेवला नाही. हेनिंग माझ्या जवळ आला आणि अगदी हळू आवाजात, लहान मुलाला विचारावं तसा, म्हणाला, "कोण गेलं, प्रेबेन? आम्हाला सांग. मांजर होतं का तुमच्याकडे?"

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या मेटाआजी (वय एक्याण्णव) फाटकातून आल्या. हातात झाकलेलं भांडं. मला पाहून त्या थबकल्या आणि चांगल्याच रागावल्या. "मला वाटलं तूच गेलास!"

"मी गेलो असतो तर झेंडा कोणी चढवला असता, आजी?"

"तेच तर! म्हटलं, एवढा शिस्तीचा माणूस, जाता जाता चढवून गेला असेल." मग भांड्याकडे बघून म्हणाल्या, "आता या खिम्याच्या वड्यांचं काय करू? चाळीस आहेत."

पुढचा एक तास सगळे वर बघत होते. हेनिंग शिडीवर चढला. शिडी पुरली नाही. कोणी दोरीला झटके दिले. सूर्यास्ताच्या आत झेंडा उतरलाच पाहिजे म्हणून हेनिंग घायकुतीला आला होता. (सूर्यास्ताला अजून दहा तास होते.) शेवटी मेटाआजी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "पुरुषमंडळींनो, खालची खीळ काढली की हा खांब आडवा होतो ना?" होतो. मीच बसवला होता. खीळ काढली, खांब गवतावर आडवा केला, झेंडा सोडवला. मग इतकी माणसं आली आहेत तर कॉफी ठेवणं आलं, आणि कॉफीबरोबर घरात काळ्या पावाखेरीज काही नव्हतं, म्हणून सकाळी अकरा वाजता आम्ही कॉफी आणि खिम्याचे वडे खाल्ले. अडतीस संपले.

हेनिंग म्हणाला, "दोन महिने आम्ही तुला त्रास नको म्हणून लांब राहिलो."

"त्रास नको म्हणून नाही," उल्ला म्हणाली. "काय बोलावं ते कळत नव्हतं म्हणून. खरं बोल जरा."

त्यानंतरही कोणी उठलं नाही. मी कॅमेरा काढला तर सगळे सरळ बसून हसायला लागले, म्हणून तो पुन्हा गळ्यात सोडून दिला आणि गप्प उभा राहिलो. माझा विसर पडायला लोकांना फार वेळ लागत नाही. या कामी तो गुण आहे. थोड्या वेळाने आपोआप समोर आलं: मेटाआजी भांड्याचा तळ पावाच्या तुकड्याने पुसत होत्या आणि उल्लाने, बोलता बोलता, आजींची सैल झालेली बाही दुमडून वर केली. एवढंच. मी बटण दाबलं आणि पहिल्यांदाच मला कळलं की बिर्गिट अंगणात कशाची वाट बघत फिरत असे. ती काय करत होती हे समजायला मला नऊ वर्षं आणि एक अडकलेली दोरी लागली. किती हुशार बाई होती ताई, आणि किती कमी बोलायची.

सोबत बारा आठवड्यांचे चौऱ्याऐंशी फोटो पाठवत आहे. मार्चचे भराभर बघा. लांबीरुंदीच्या दृष्टीने ते बिनचूक आहेत, एवढंच त्यांच्याबद्दल म्हणता येईल.

मला कशाचीही गरज नाही, काळजी करू नये. गुडघ्याला जपा.

तुमचा नम्र,
प्रेबेन

ता. क. १२ जूनला ओडेन्सला माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डोळ्याला पट्टी असणार. त्या दिवशीचा फोटो कोणी काढायचा हा प्रश्न आहे, आणि तो चुकवून चालणार नाही. तुम्ही ११ तारखेच्या गाडीने आलात तर तो सुटेल. कॅमेरा सोपा आहे.

ता. क. २. वरचं लिहिल्यावर दवाखान्याची चिठ्ठी पुन्हा वाचली. ऑपरेशन वीस मिनिटांचं आहे आणि दुपारी घरी सोडतात. डावा डोळा उत्तम आहे. शिवाय हेनिंगने फोटो काढून द्यायची तयारी दाखवली आहे. तेव्हा तशी तुमची गरज नाही. पण हेनिंग तिचा कोणी लागत नाही. तुम्ही यावं.

ता. क. ३. कपाटाचा विषय नको असेल तर मी त्याच्यावर चादर टाकून ठेवतो.

ता. क. ४. सकाळी दवामुळे गवत फार ओलं असतं, बागेत घालायला रबरी बूट आठवणीने आणा. बिर्गिटचे मागच्या दाराशी आहेत आणि तुमच्याच मापाचे आहेत, पण ते मी अजून जागचे हलवलेले नाहीत. विसरलात तर मात्र परत फिरू नका.