मिल क्रीकच्या पुलापासून सातासमुद्रापार

तीर्थस्वरूप मर्टल आत्यांना,

तुमच्या वेंडेलचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? कोंबड्या अंडी देताहेत ना? मी इकडे ठणठणीत आहे. टीव्हीवर दाखवतात तितका वाईटही नाही.

काँग्रेसच्या, म्हणजे आपल्या संसदेच्या, निवडणुकीला मी उभा राहिलो तो निव्वळ मिल क्रीकच्या पुलासाठी. तो बंद पडल्यापासून चर्चला जायला तुम्हाला अख्ख्या टेकडीला वळसा घालावा लागतो, ते मला बघवत नाही. अग्निशमन दलाच्या मदतनिधीसाठीच्या पॅनकेक न्याहारीला मी हेच तळमळून सांगत होतो, तेवढ्यात सुटाबुटातल्या एका अनोळखी गृहस्थाने विचारलं की अमुक देशाबद्दल आपलं धोरण काय? (देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काही कमीजास्त झालं तर आणखी एक जाहिरात निघायची.) मी तोंडातला घास गिळून म्हणालो, "वाचून सांगतो." आत्या, खरं बोलायची आपल्या घराण्याची खोड मला तिथे भोवली.

माझी प्रचारप्रमुख डोरीन (शाळेत बँड शिकवते, त्यामुळे हळू बोलणं तिला जमत नाही) कपाळावर हात मारून ओरडली, "अहो, वाचून काय सांगता! उभा राहणारा प्रत्येक जण आधी त्या देशावर निबंध लिहून मित्रमंडळाकडे धाडतो. पूलबिल नंतर!" हे मित्रमंडळ म्हणजे त्या देशावर जिवापाड प्रेम करणाऱ्या आपल्याच लोकांची संस्था. मंडळी राहतात राजधानीत, पण लक्ष सगळं आपल्या मतदारसंघावर.

पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या पैशाने टीव्हीवर माझ्याविरुद्ध जाहिराती सुरू झाल्या. गंमत म्हणजे त्यांत त्या देशाचं नाव औषधालाही नाही! एकीत मी म्हाताऱ्यांच्या पेन्शनवर टपलेला, दुसरीत पुलाचा वैरी. पुलाचा, आत्या! मोडका पूल दाखवतात, मागे भुताच्या सिनेमातलं संगीत, आणि वर माझा फोटो (जिमीच्या लग्नातला, शिंक येतानाचा). सासूबाईंनी ग्रेचेनला फोन करून विचारलं, "काय गं, त्या पुलाने तुझ्या नवऱ्याचं काय घोडं मारलंय?" त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

शेवटी ठरवलं, हरलो तरी बेहत्तर, पण निबंध लिहिणार नाही. माणसाला स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही?

तुमचा ताठ मानेचा भाचा,
वेंडेल

ता. क. निबंध पाठवला. डोरीनने सांगितला, मी उतरवून घेतला. आजपासून जाहिरातीत मी पुलाचा जिवलग मित्र आहे. पूल तोच, संगीत तेवढं बदललं.

ता. क. २. रविवारी मंडळाने जेवायला बोलावलंय आणि तो देश नेमका कुठे आहे हे मला अजून सापडलेलं नाही. आतोबांचा माळ्यावरचा पृथ्वीचा गोल तेवढा घेऊन या. टेकडीला वळसा घालूनच यावं लागेल. पुलाचं काय म्हणाल, तर वाचून सांगतो.