तिसरं बटण नसलेला कोट

३ नोव्हेंबर

नंबर! पुन्हा नंबर!

अभिलेख कार्यालयातला चष्मेवाला कारकून मान वर न करता विचारतो — "सैनिक क्रमांक?" म्हटलं, अहो, क्रमांक ठाऊक असता तर दोन जिने चढून तुमच्याकडे कशाला आलो असतो? तर म्हणे, "क्रमांकाशिवाय नोंद सापडत नाही, काका." आणि क्रमांक कुठे मिळेल? "नोंदीत."

माझ्याजवळ आहे काय? वडिलांचं नाव. ते युद्धावर गेले तो उन्हाळा — मी तेव्हा आईच्या पोटात. आणि एक फोटो. लष्करी कोट, टोपी, टोपीवर शिंगाचा बिल्ला, मागे किल्ला आणि चंद्र. परत आले नाहीत. संपली माहिती.

मैदानाजवळच्या स्मारकाची भिंत नव्याने उभी राहतेय. त्या युद्धात गेलेल्यांची जी नावं सुटली होती ती यंदा कोरणार. अर्ज महिनाअखेरपर्यंत. मग पाथरवट छिन्नी हातात घेणार, आणि दगडात मागाहून ओळ घुसडता येत नाही. मला अठ्ठ्याहत्तर पुरी झाली. पुढची भिंत माझ्या वाट्याला नाही.

४ नोव्हेंबर

ताईला सांगायला गेलो. ती भिंगातून शब्दकोडं सोडवत होती. "अरे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या कार्यालयाला उंदीर सोडून कुणाची खबर आहे?"

म्हटलं, तुला बापाचं नाव भिंतीवर नको?

"नाव माझ्या दाखल्यावर आहे. तेवढं पुरलं आजवर."

हिला हृदय आहे की नाही! मी त्यांना पाहिलंच नाही. हिला तर सात वर्षं त्यांच्या खांद्यावर बसायला मिळालं. पोट भरलेल्याला भुकेचं काय!

७ नोव्हेंबर

बाकावर तीन तास. चष्मेवाला जेवायला गेला तो आलाच नाही. वेळ जावा म्हणून मनात भुजंगप्रयात घोळवत बसलो. एक ओळ सुचली —

उभा मी पित्याच्या शिळेच्या समोरी

आमचे मराठीचे मास्तर असते तर ‘पित्याच्या’मधल्या लघु हवा तिथे गुरू झालेल्या ‘पि’वरून कान पिळला असता. पण मास्तरांनीच मला हा नाद लावला. दरवर्षी शाळेत रणगीत म्हणायला मलाच उभं करायचे. "वीरपुत्र आहे, त्याच्या तोंडी शोभतं!" सगळा वर्ग चिडीचूप. मी फळ्याकडे पाठ करून, मुठी वळून म्हणायचो. घरी बूट शिवायचे पैसे नसायचे, पण त्या पाच मिनिटांत मी राजा.

पुढची ओळ काही सुचेना. तेवढ्यात शिपायाने दिवे घालवले.

१० नोव्हेंबर

आज मात्र सोन्याचा दिवस!

माजी सैनिकांच्या सभागृहात गेलो होतो. तिथे ‘तोफखाना’ म्हणून एक गृहस्थ आहेत. तोफांशेजारी नोकरी केली म्हणून हे नाव, आणि कानांनी राजीनामा दिल्यामुळे बोलतातही तसेच. फोटोला भिंग लावलं आणि असे गरजले की कॅरमवाल्यांची सोंगटी हुकली. "शिंग! अहो, ही डोंगरी पलटण! डोळे मिटून सांगतो!"

म्हटलं, डोळे उघडून एकदा बघा ना.

"काय?"

"काही नाही. डोंगरी पलटण!"

"तेच तर सांगतोय!"

मग वडिलांच्या खांद्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "उभं राहणं बघा. हा माणूस पहिल्या रांगेतला." डोळ्यांत पाणी आलं. चहाचे पैसे मीच दिले.

पलटणीच्या कार्यालयाला तिथूनच फोन लावला. तपासून कळवतो म्हणाले. येताना वाटभर ती ओळ म्हणत आलो. शेजारीण विचारते, "काका, लॉटरी लागली का?"

१४ नोव्हेंबर

फोन नाही.

१६ नोव्हेंबर

फोन आला. नसता आला तर बरं होतं!

त्या पलटणीच्या टोपीवर शिंग आलं ते युद्धानंतर चार वर्षांनी. आधी तारा होता. आणि या नावाचा माणूस त्यांच्याकडे नव्हताच. आवाज तरुण मुलीचा, फार अदबीचा. अदबीने नाही म्हटलेलं जास्त लागतं.

तोफखान्यांना सांगितलं तर म्हणतात, "मग पलटणच खोटं बोलतेय!" धन्य आहे. आता पलटणीने यांच्यासाठी टोप्या बदलायच्या की काय?

तरी त्यांनीच एक तोड काढली. सभागृहाच्या दारातल्या फळ्यावर फोटोची मोठी प्रत लावली, वर ठळक अक्षरांत — ‘ही टोपी कुणी ओळखता का?’

ताई म्हणाली, "बापाला हरवलेल्या मांजरासारखा फळ्यावर लावून आलास?"

चहाचा कप उचलून माझ्या खोलीत निघून आलो.

१९ नोव्हेंबर

रागावू की लाजू?

सकाळी सभागृहातून निरोप — या, टोपी ओळखणारे आलेत. धावत गेलो. आले होते तिघे! एक बेकरीवाला, एक निवृत्त परिचारिका आणि एक जाडे वकील. तिघांच्या हातात आपापल्या आजोबा-वडिलांचे फोटो. चारही फोटो टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

चार माणसं. कोट एकच!

तोच किल्ला, तोच चंद्र, तेच शिंग. कोटाचं तिसरं बटण चौघांनाही नाही. वकिलांचे आजोबा अंगाने दांडगे, त्यांच्या पोटावर तो ताणलाय. बेकरीवाल्याच्या वडिलांच्या बाह्या बोटांपर्यंत आल्यात. माझ्या वडिलांना तेवढा अगदी मापाचा.

परिचारिकाबाई हसत सुटल्या. त्यांना त्यांच्या आईने केव्हाच सांगितलं होतं — चौकातला फोटोवाला एक कोट खुंटीला टांगून ठेवायचा. युद्धाचे दिवस. ज्याला त्याला लष्करी फोटो हवा. शिंगाचा बिल्ला त्याने पत्रा कापून स्वतःच केलेला. आत जाताना गिऱ्हाईक, बाहेर येताना शिपाई! बाईंचे वडील गोदामात हमाल होते. वकिलांचे आजोबा खरे शिपाई, पण त्यांनाही हाच कोट, कारण स्वतःचा अजून मिळायचा होता.

"तुमचे कोण होते मग?" बेकरीवाल्याने विचारलं.

साधा प्रश्न. मी आमचा फोटो पुन्हा जवळ ओढून पाहिला. तोफखाना पहिल्यांदाच हळू बोलले — "उभं राहणं चांगलं आहे पण."

२० नोव्हेंबर

ताईसमोर फोटो ठेवला. म्हटलं, हा कोट भाड्याचा होता, तुला माहीत होतं?

तिने शब्दकोडं बाजूला सारलं. "मी तिथेच होते. आईने त्यांचे केस पाणी लावून बसवले होते. कोटाला घामाचा वास होता, तर ते म्हणाले, याच्यात अख्खं सैन्य राहून गेलेलं दिसतंय."

"आणि ते स्वतः?"

"नालबंद. घोड्यांना, खेचरांना नाल ठोकायचे. सैन्याच्या ठेकेदाराने नेलं त्यांना, डोंगरातल्या छावणीत. जळक्या खुरांचा वास यायचा त्यांच्या अंगाला. मला आवडायचा."

सत्तर वर्षं! सत्तर वर्षं एका घरात, एका ताटावर बसलो, आणि हे मला आज कळतंय! ओरडलोच मी. सांगितलं का नाहीस?

ती म्हणाली, "पहिलीतून आलास तो मुठी वळूनच. वीर पिता, वीर पिता! आई चुलीशी उभी राहून ऐकायची. मी सांगायला तोंड उघडलं तर तिने डोळ्यांनीच गप्प केलं. तुझ्या तोंडचा घास होता तो, कसा काढून घेणार? मग तू मोठा झालास, म्हातारा झालास, आणि राहूनच गेलं."

"ते गेल्याचं कुणी कळवलं?"

"कुणी नाही. ठेकेदाराची सगळी माणसं परत आली, हे नाही आले. आई दाराची कडी लावायची नाही कितीतरी दिवस. पुढे लावायला लागली. त्यावरून आम्ही समजलो."

जेवलो नाही. ताईने ताट झाकून ठेवलंय.

२१ नोव्हेंबर

ताईचं ते ‘राहूनच गेलं’ दिवसभर कानात. चिडायला जावं तर चुलीजवळची आई दिसते.

नालबंद. शब्द तीन-चारदा मोठ्याने म्हणून पाहिला. रणगीतात घोडे होते, टापा होत्या, टापांखालच्या ठिणग्या होत्या. नाल कुणी ठोकला ते एकाही कडव्यात नव्हतं. मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही!

नाव कोरलं गेलंच पाहिजे. आता तर जास्तच.

२३ नोव्हेंबर

स्मारक समितीच्या बाईंकडे गेलो. टेबलावर दगडाचे नमुने, बाई फोनवर, समोर पाथरवट डोक्याला रुमाल बांधून ताटकळलेला. सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "काका, भिंत सैनिकांची आहे. ठेकेदाराच्या माणसांना कुठे घेणार? उद्या आचारी येतील, धोबी येतील."

माझा पारा चढला. "येऊ देत! सैन्य काय उपाशी लढलं? आणि घोडा अनवाणी गेला होता का लढाईला?"

पाथरवट खुदकन हसला. बाईंनी त्याच्याकडे रागाने बघितलं, मग त्यांनाही हसू आवरेना. समितीतल्या कुणाला तरी फोन लावला, गॅलरीत जाऊन बोलल्या. परत येऊन म्हणाल्या — एक वाट आहे. छावणीत, कामावर असताना गेले हे कुणीतरी सांगायला हवं. कागद नसला तरी चालेल. पण जिवंत माणसाची साक्ष हवी, तीसुद्धा शेवटच्या तारखेआधी.

जिवंत माणसाची! त्या छावणीतलं सर्वांत लहान पोरही आज नव्वदीपार असेल. चंद्रावरची माती आणा म्हणाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

२४ नोव्हेंबर

माजी सैनिकांच्या मासिकाचा अंक उद्या निघतोय. तोफखान्यांनी संपादकाला असं काही सुनावलं की त्याने छपाई थांबवून माझा मजकूर घेतला. बरोबर फोटोतला फक्त चेहरा, कोट कापून. ‘युद्धकाळात डोंगरातल्या छावणीत असलेले हे नालबंद. यांना शेवटचं कुणी पाहिलं असल्यास, किंवा घरच्यांकडून ऐकलं असल्यास, कृपया कळवावं.’ खाली वडिलांचं नाव, माझं नाव, पत्ता, फोन.

चेहरा कोटाविना पहिल्यांदाच नीट पाहिला. घाबरलेला आहे. पंचविशीचं पोरगं. माझा नातू शोभेल.

२६ नोव्हेंबर

एकाचा फोन. जुने नाल विकत घेतो, आहेत का म्हणाला.

२७ नोव्हेंबर

काही नाही. तोफखाना येऊन बसले. दोघांनी मिळून गप्प राहण्याचा प्रयत्न केला; त्यांना जमला नाही. जाताना म्हणाले, "मी साक्ष देऊ का? मी पाहिलं म्हणून सांगतो!" तेव्हा आपण पाळण्यात होता, साहेब. हसलो खरा, पण एक क्षण — एकच क्षण — हो म्हणावंसं वाटलं.

नको. वडिलांच्या अंगावर मी आयुष्यभर एक खोटा कोट चढवून ठेवला. आता मरण तरी खरं असू दे.

२८ नोव्हेंबर

समितीच्या बाईंचा फोन — काही मिळालं का? म्हटलं, अजून दोन दिवस आहेत ना? "आहेत हो," म्हणाल्या. डॉक्टर म्हणतात तसं.

ताई आपण होऊन माझ्या खोलीत आली. म्हणाली, "नाही लागलं नाव तर काय होईल?"

"मेल्यावरही ते कुणाचे नव्हते असं होईल."

ती खाटेच्या कडेवर बसली. म्हणाली, "सांग त्या बाईला, मीही अर्जावर सही करते."

२९ नोव्हेंबर

साक्षीदार मिळाला.

मासिकातला चेहरा पाहून नदीपलीकडच्या गावाहून एक बाई आल्या. वय साठीच्या पुढे. हनुवटी थेट ताईची. विचारलं, या नालबंदांना शेवटचं कुणी पाहिलं होतं? म्हणाल्या, "मीच. उशाशी बसले होते. झोपेतच गेले, ऐंशी पुरी करून." मग खुर्चीतून उठून माझ्या पाया पडल्या. "माझेही वडील, दादा. आम्हाला तुमच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं."

ताईने आतून विचारलं, "कोण आलंय रे?"

मी म्हटलं, "घरचंच माणूस."