खोटे न लिहिता भावास दाखल करून घेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
शासकीय व्यसनमुक्ती उपचार केंद्र

विषय : धाकट्या भावास, दारू सुरू असतानाच, आज दाखल करून घेणेबाबत.
संदर्भ : दाखल नियम क्र. ४, "रुग्णाने सलग तीन दिवस मद्यप्राशन केलेले नसावे."

महोदय,

"एकदम बंद करू नका, ताई. पुन्हा झटके आले तर वाचायचा नाही. बंद करायची ती डॉक्टरांसमोर, औषधं देऊन," असे इस्पितळातील डॉक्टरांनी मला बजावले आहे. आपला नियम म्हणतो, आधी बंद करा, मग या. दोन्ही आज्ञा एकाच वेळी कशा पाळाव्यात हे न कळल्याने हा अर्ज.

१. माझा भाऊ काच कापण्याचे काम करतो. सकाळी पोटात दोन घोट गेल्याखेरीज त्याचा हात स्थिर राहत नाही. गेल्या महिन्यात आपल्या नियमासाठी मी त्याला घरात कोंडले. दुसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या मुंग्या झाडू लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. संध्याकाळी तो कोसळला, दातखीळ बसली, ओठ निळे पडले. मला देवाचे नावसुद्धा आठवेना.

२. इस्पितळाने जीव वाचवला आणि "व्यसनाचा उपचार आमच्याकडे नाही" म्हणून घरी पाठवले. तेव्हापासून रोज सकाळी मीच त्याला पेला भरून देते व मग जपाला बसते. हात कितीही धुतले तरी वास जात नाही.

३. आपल्या खिडकीवरील लिपिक भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "अहो बाई, तीन दिवस घेतली नाही असं लिहा आणि मोकळ्या व्हा. इथे कोण हरिश्चंद्र येतो?" आई गेल्यापासून मी खोटे न बोलण्याचे व्रत पाळते. तरी भावापेक्षा व्रत मोठे नाही, म्हणून पेन उचललेही होते. मग निराळीच भीती वाटली. खोट्यावर विसंबून आपले डॉक्टर औषध देतील आणि तो आपल्याच खाटेवर दगावेल. मी पेन खाली ठेवले. घरी सांगितले तर भाऊ म्हणाला, "अक्का, तुझा देव आणि सरकार, दोघांनी मिळून माझा निकाल लावायचं ठरवलंय." मला हसू आले नाही.

४. आज सकाळी मात्र तो प्रथमच आपणहून म्हणाला, "आज ने मला. उद्या मी असं म्हणेन, याचा भरवसा नाही." मी "नेते" म्हटले आहे.

नियम बदलणे वरिष्ठांच्या हाती आहे, पण दार आपल्या हाती आहे. त्याला दारातून परत पाठवू नये. परत पाठवलेला माणूस घरापर्यंत पोचेलच असे नाही, आणि मी त्याला धरून ठेवू शकेन इतकी ताकद माझ्यात उरलेली नाही.

आपल्या उत्तराच्या धास्तीत असलेली,
अर्जदार बहीण
(सही)
दिनांक : आजचा

सोबत :
१) इस्पितळाची चिठ्ठी.
२) दाखल होण्याचा अर्ज. शेवटचा पेला आज सकाळी, माझ्या हातून, असे लिहिले आहे.
३) भाऊ. अर्ज पहारेकऱ्यांकडे ठेवून त्याला आणायला निघाले आहे.