तक्रारपेटीची किल्ली काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
मुलींची शाळा (पाचवी ते आठवी)

विषय: सातवी 'ब'च्या तक्रारपेटीची किल्ली वर्गप्रमुखाकडून काढून घेणे व अर्जदाराच्या बहिणीला कच्च्या तुकडीत न ढकलणे.
संदर्भ: आपले तोंडी उत्तर, "पेटीत टाका, बघू."

महोदया,

अर्जदार हा सातवी 'ब'मधल्या एका मुलीचा थोरला भाऊ आहे. आई कामावरून सुटेपर्यंत आपले कार्यालय बंद होते, म्हणून सही त्याची.

१. सदर मुलगी सहावीत विज्ञानात पहिली होती. यंदा तिने उत्तराला हात वर केला, की वर्गप्रमुख आणि तिच्या मैत्रिणी मागच्या बाकावरून "बेंऽऽ" करतात. वर्ग हसतो. बाई "शांतता!" म्हणतात आणि खाली बसवतात मुलीलाच. आता हात वर जात नाही.

२. मुलीने रीतसर पेटीत तक्रार टाकली. विद्यार्थिनींना जबाबदारीची जाणीव व्हावी म्हणून पेटीची किल्ली वर्गप्रमुखाकडे असते. तिने ती जाणीव ठेवून तक्रार ऑफ तासाला सगळ्या वर्गाला वाचून दाखवली. चालीत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ही म्हण शाळेत शिकवतात, एवढे अर्जदारास ठाऊक होते. राबवतात हे नव्हते.

३. तेव्हापासून मुलगी पेपरवर नाव लिहिते आणि थांबते. विचारले तर म्हणाली, "दादा, मार्क मिळाले की जास्त ओरडतात. नापास झाले तर गप्प बसतील ना?" प्रगतिपुस्तकात शेरा आला: "घरी लक्ष द्यावे." महोदया, घरी लक्ष आहे. घरी कोणी बें करत नाही. आता पुढच्या सत्रात तिला कच्च्या तुकडीत बसवणार म्हणे, आणि वर्गप्रमुखाच्या छातीवर 'उत्कृष्ट नेतृत्व' असा बिल्ला. नेतृत्व आहे खरे. एका आवाजात अख्खा वर्ग शेळी होतो.

४. तरी किल्ली आपण स्वतःकडे घ्यावी. मुलीचा पेपर दुसऱ्या खोलीत पुन्हा घ्यावा. तुकडी बदलायचीच हौस असेल, तर बें करणाऱ्यांची बदलावी.

५. आपल्या सूचनेनुसार हा अर्ज पेटीतच टाकला आहे, म्हणजे आधी तो वर्गप्रमुख वाचणार. आपल्यापर्यंत पोहोचेल याची काडीचीही खात्री नसल्याने अर्जदाराने तो पाठ केला आहे. सोमवारी प्रार्थना संपताच तो फाटकाबाहेर उभा राहून म्हणेल. अर्जदार बाजारात ओरडून कांदे विकतो. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो.

किल्ली हलेपर्यंत जेमतेम नम्र,
(सही)
मुलीचा दादा
दिनांक: शुक्रवार, शाळा सुटल्यावर

सोबत:
१. विज्ञानाचा पेपर, शाळेत सोडवलेला. कोरा.
२. तोच पेपर, घरी सोडवलेला. एक चूक आहे. ते उत्तर अर्जदाराने सांगितले होते.