चढावरचा काळा धूर

८ जून

सोफे पोचवायच्या टेम्पोनं आज चढावर मान टाकली. पाय दाबला तरी ओढ नाही, आणि मागे काळा धूर — इतका की आरशात रस्ताच दिसेना. एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन म्हणाला, "बाई, गाडी आहे की भट्टी?" कशीबशी वळवून घरी आणली. सोफा तसाच आत. गिऱ्हाइकाला फोन करून माफी मागितली.

कव्हरं मी शिवायची, सोफे ह्यांनी पोचवायचे — अशी वाटणी होती. हे गेल्यापासून दोन्ही माझ्याकडे.

मामंजी पायरीवर बसले होते. मुलगा गेल्यापासून त्यांच्या तोंडून हूं की चूं नाही. आज धूर बघून विचारलं, "आवाज कसा येत होता?"

म्हटलं, फुस्स असा. ते मान हलवून आत गेले.

११ जून

गॅरेजच्या मिस्त्रींनी हवेचा फिल्टर बदलला. फरक शून्य. "वहिनी, म्हातारी झाली गाडी. भंगारात द्या, सुटाल."

संध्याकाळी दादाचा फोन. तोच विषय. त्याच्या गावी शिलाईच्या कारखान्यात देखरेखीची जागा आहे. "किती दिवस तिथे अडकून पडणार आहेस?" म्हटलं, मामंजींना कोण बघणार?

हात शिवणात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. मामंजी पलीकडेच चहा घेत होते. नको होता ठेवायला.

१२ जून

मशीनवर बसले. एक शिवण धड आली नाही.

१५ जून

सकाळी मामंजी स्वतःच गाडीत जाऊन बसले. तरुणपणी ट्रक चालवलाय त्यांनी. म्हणाले, "बॉनेट उघड. मी हळूहळू रेस देतो, तू त्या जाड रबरी पाइपावर हात फिरव. पंख्यापासून लांब हं."

टर्बो जी हवा इंजिनात ढकलतो, ती या पाइपातून जाते. वरून तर पाइप ठणठणीत. त्यांनी रेस वाढवली तसा तो हाताखाली फुगला. मी बोटं खालच्या बाजूला नेली. तिथे तेलकट. उसवलेली शिवण हाताला कळते, तशी एक चीर लागली. गाडी शांत असली की मिटलेली, पाइप फुगला की उघडायची. तळव्यावर गरम हवेचा झोत आला.

"सापडलं," मी म्हटलं.

"हवा वाटेतच निसटते, डिझेल मात्र तेवढंच पडतं. पुरतं न जळलेलं डिझेल — तोच तुझा काळा धूर."

मग वाकून नीट पाहिलं. चिरेजवळ एक पट्टी गुंडाळलेली होती, सैल पडलेली. तेलानं काळी झालेली, पण कापड ओळखलं. माझ्याच कव्हराचं उरलेलं, निळ्या रेघांचं. ह्यांनी बांधली असणार. मला काहीच बोलले नव्हते. चालवून नेत होते बिचारे.

मामंजी उतरून आले. पट्टी हातात घेतली. "त्यानं बांधली होय," म्हणाले, आणि तिची घडी करून खिशात ठेवली. मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

१९ जून

नवा पाइप बसला. काळा धूर गेला — आणि आता निळा! मला तर रडूच आलं. निळा म्हणजे इंजिनचं तेल जळतंय.

मिस्त्रींनी टर्बोचा पाइप काढून आतलं पातं हलवून बघितलं. घट्ट होतं. म्हणाले, "टर्बो शाबूत आहे, वहिनी. इंजिनचा श्वास घ्यायचा पाइप तुंबलाय, म्हणून तेल हवेच्या पाइपात ढकललं जात होतं. आधी चिरेतून गळायचं, आता सरळ इंजिनात जातंय." तो साफ केला. "आत साचलेलं तेल जळून संपेपर्यंत धूर येणार. धीर धरा."

मामंजींनी त्यांना विचारलं, "चढ चढेल ना?"

२२ जून

धूर विरळ झालाय. मामंजी रोज माझ्याबरोबर जवळच्या फेऱ्यांना येतात. रोज तेच — चढ कधी? म्हटलं, "एवढं काय आहे वर?"

"बघायचंय."

दुपारी जेवताना ह्यांच्या लहानपणीचं बोलले. मामंजींच्या ट्रकच्या मडगार्डवर बसून झोपायचे म्हणे. ऐकता ऐकता घास तसाच हातात राहिला. पण बरं वाटलं. घरात पुन्हा दोन माणसांचे आवाज आहेत.

दादाला फोन करून नोकरीला नाही म्हणून कळवलं. आता तो विषय नको.

२५ जून

गाडी चढ चढली. आरशात स्वच्छ रस्ता. वर पोचल्यावर मामंजी म्हणाले, "डावीकडे घे." एक फाटक. पाटीवर वृद्धाश्रम असं लिहिलेलं. एक बाई बाहेर आल्या, "या काका, खोली तयार आहे." मामंजींनी सीटखालून आपली बॅग ओढून काढली. "नोकरी घे पोरी. त्या दिवशी तुझ्या दादाचं फोनवरचं सगळं ऐकलं होतं मी." मला उतरता येईना. इंजिन चालूच होतं. त्यांनी खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली.